वेशीवर पिंपळ आला

कोजागिरी आटोपली की आमच्या गावात थंडी अंगाआधी कानाला कळते. गॅसवरून चहाचं पातेलं उतरवते न उतरवते तोच जुन्या पेठेकडून आवाज येतो. ढुंग, ढुंग, टण्ण. पुन्हा ढुंग, ढुंग, टण्ण. कादरचाचांनी पिंजण बांधलं. ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळा पडतो, तात कापसात थरथरते आणि वर्षभर आमच्या पाठीखाली दबून पापड झालेला कापूस पुन्हा फुलू लागतो. हा आवाज आला की मी दिवाणातल्या रजया काढून गच्चीवर उन्हात टाकते आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाने दोन शिंका देते. झाला आमचा हिवाळा सुरू. हवामान खात्याला काय म्हणायचं ते म्हणो.

यंदाही तो आवाज आला आणि मला तो हिवाळा आठवला, ज्या हिवाळ्यात तो सुरुवातीला आलाच नव्हता. चार वर्षं झाली असतील. न येण्याचं कारण मी होते. एकटी नव्हे, आमची अख्खी समिती होती. पण पत्र माझ्या अक्षरात होतं, आणि चित्रकलेच्या बाईचं अक्षर गावात कुणीही ओळखतं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशात आहे, पण नकाशावर ठेवलेलं बोट जरा जाड असलं की झाकलं जातं. उमरखेडच्या एसटीत बसलात तर वाटेत लागतं. नवं गाव रस्त्याच्या कडेने पसरलेलं, दुकानांच्या पाट्यांनी नटलेलं. जुनी पेठ आत, आणि पेठेच्या तोंडाशी आमची मोठी वेस. खाली काळा दगड, वर विटा आणि चुना, आणि कमान एवढी उंच की कापसाने शिगोशीग भरलेली गाडी आजही न घासता जाते. कमानीच्या पोटात दोन्ही बाजूंना दोन देवड्या आहेत. पूर्वी पहारेकरी बसायचे त्या. एकेका देवडीत चार माणसं पाय पसरून झोपतील. उजव्या देवडीत कादरचाचा पिंजारी. त्यांच्याआधी त्यांचे वडील, त्याआधी आजोबा. तिथूनच वर जायचा अंधारा दगडी जिना. डाव्या देवडीला मात्र लोखंडी जाळी आणि कुलूप. कुणी घाण करू नये, ऐतिहासिक वास्तू सुरक्षित राहावी, म्हणून गावानेच ते कधीतरी लावलेलं.

मी या गावात लग्न होऊन आले ती मार्गशीर्षात. वरात वेशीखालून निघाली तेव्हा समोरचं दिसेना, इतका कापूस उडत होता. देवडीतून एक तरुण पिंजारी उठला आणि त्याने ओंजळभर पिंजलेला कापूस आमच्या दोघांच्या डोक्यावर टाकला. मी बावरले. सासरची माणसं मात्र हसत होती. हिवाळ्यात वेशीतून जाणाऱ्या प्रत्येक नवरानवरीला हा कापूस मिळतो, हे मला कोण सांगणार? तो पिंजारी, म्हणजे हेच कादरचाचा, म्हणाला, "झाले दोघं संगं म्हातारे! आता कायचं भेव?" पांढरं डोकं घेऊन मी सासरच्या उंबऱ्यावर उभी राहिले. इतका चांगला आशीर्वाद मला त्या दिवशी दुसऱ्या कुणीही दिला नव्हता.

आणि पिंपळ. पिंपळाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पिंपळाला जमीन लागत नाही. पाखराने बी टाकलं की दगडाच्या फटीत, चुन्याच्या भेगेत, कुठेही तो बस्तान मांडतो. वर तांबूस कोवळी चार पानं डोलत असतात, आणि आत मूळ गुपचूप भिंत उकलत जातं. म्हणजे उपटायलाच हवा. पण पिंपळ उपटणं पाप, त्यात मुंजा असतो, वंशाला लागतं, ही आमची समजूत. मग करायचं काय? यावर जुन्या लोकांनी झकास तोड काढून ठेवली होती. पावसाळा उलटला की वेशीतून जाणारा कुणीही मान वर करायचा आणि आरोळी ठोकायचा, "चाचा, वेशीवर पिंपळ आला!" चाचा आतून म्हणायचे, "देखा, देखा. उद्या जातो." दुसऱ्या दिवशी सकाळी ते लोटाभर पाणी घेऊन वर जात, मुळाशी ओतत, तासभर मुरू देत आणि मग अख्खं रोप मुळासकट हलवत हलवत काढत. खाली आणून ओल्या कापसात गुंडाळत आणि दुसरीकडे नेऊन लावत. तळ्याच्या पाळीवर, इदगाहच्या भिंतीलगत, शाळेच्या मागे. झाड मेलं नाही म्हणून पाप नाही, वेस फुटली नाही म्हणून चिंता नाही. आम्ही बाया श्रावणातल्या शनिवारी मारुतीच्या पारावरच्या ज्या पिंपळाला प्रदक्षिणा घालतो, तो चाचांच्या वडिलांनी वेशीवरून उतरवलेला आहे. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणालाच त्यात काही विशेष वाटत नाही.

हे इतकं सुरळीत चाललं होतं की ते कुणीतरी करतं आहे, हेच आम्ही विसरलो.

त्याच सुमारास पुण्याहून आलेल्या एका मुलीने वेशीचा व्हिडिओ काढून कुठेसा टाकला. सकाळचं कोवळं ऊन, कमान, आणि उन्हाच्या तिरपेत तरंगणारा कापूस. झालं. रविवारी गाड्या येऊ लागल्या. नागपूरच्या, अमरावतीच्या, नांदेडच्या. आमच्या गावात पाहण्यासारखं काही आहे, हे गावाला बाहेरच्यांनी येऊन सांगितलं. मला तर अंगावर मूठभर मांस चढलं! इतकी वर्षं मी आठवीच्या मुलांना वेशीचं चित्र काढायला लावत होते आणि ती पोरं निमूटपणे घर, डोंगर आणि सूर्य काढून देत होती. आता मी मुलांना घेऊन पाहुण्यांना वारसा फेरी घडवू लागले. पाट्या रंगवल्या. समिती झाली. बाबारावभाऊ अध्यक्ष, मी सचिव.

बाबारावभाऊंची ओळख करून द्यायची तर त्यांच्या आवाजापासून सुरुवात करावी लागेल, कारण माणूस पोचण्याआधी तो पोचतो. कपाशी-तुरीचं शेत, पेठेच्या टोकाला गुरांचा मोठा गोठा, आणि मन सोन्याचं. पण रंगाचा भारी सोस. देव दिसला की शेंदूर, भिंत दिसली की ऑईल पेंट. वेस गुलाबी रंगवायची, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत जाहीर केलं आणि डबे आणून गोठ्यात रचूनही ठेवले.

दुसऱ्या बैठकीत कापसाचा विषय निघाला. पाहुण्यांच्या कॅमेऱ्यात कापूस जातो. देवडीत रजयांचे गठ्ठे दिसतात, फोटो बिघडतो. वेस मोकळी दिसली पाहिजे. त्या व्हिडिओत लोकांना आवडला होता तो कापूसच, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कादरचाचांना बसस्टँडच्या मागे एक टिनाची टपरी मिळवून दिली की झालं, असं ठरलं. बाबारावभाऊ म्हणाले, "मॅडम, पत्र तुमी लिहा. तुमचं अक्षर साजरं हाय." आणि मी लिहिलं. "सदर वास्तूच्या संवर्धनाच्या दृष्टीने आपण सदर जागेतील आपले साहित्य..." एका वाक्यात दोनदा सदर. आजही आठवलं की कानाची पाळी गरम होते.

पत्र द्यायलाही मीच गेले. चाचांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं, आणि म्हणाले, "अक्षर मोती हाय बाई. माह्या पोरीले, सलमाले, तुमीच शिकवलं न, तिचं बी असंच हाय." मग पत्राची व्यवस्थित घडी करून त्यांनी खिशात ठेवली. चैत्र होता. दोन दिवसांत देवडी रिकामी झाली आणि आम्ही तिथे एक कुंडी ठेवली.

पावसाळा आला, गेला. आमची वेस ओली उभी राहिली. भाद्रपदात एका मंगळवारी कमानीच्या वरून परातीएवढा चुन्याचा पोपडा आणि त्यामागोमाग दोन विटा खाली आल्या. नेमक्या तिथे, जिथे रविवारी लोक फोटोला उभे राहतात. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. आम्ही दोर बांधून वेस बंद केली. पेठेतल्या लोकांना शाळेमागून वळसा पडू लागला, आणि ज्या वेशीसाठी आम्ही समिती काढली तिच्याखालून जायची समितीचीच छाती होईना. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

दसऱ्यानंतर समितीने बोलावलं म्हणून नागपूरहून कल्याणी आली. जुन्या इमारतींची दुरुस्ती शिकलेली, तिशीतली मुलगी, पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. तिने आमच्याकडे पाहिलंच नाही. दहा मिनिटं मान वर करून वेशीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "वर पिंपळाची सतरा रोपं आहेत. पाण्याच्या पन्हळी पाल्याने गच्च भरल्यात. पाणी मुरतंय ते त्याने. दरवर्षी हे कोण काढत होतं?"

"कादरचाचा," मी म्हणाले.

"आणि यंदा काहून नाही काढलं?"

बाबारावभाऊंचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा इतका हळू ऐकला. "तो माणूस आता बसस्टँडवर राह्यते."

कल्याणी म्हणाली, ही रोपं मुळं धरायच्या आत निघाली पाहिजेत. नाहीतर कमानीला लोखंडी टेकू देऊन वेस कायमची बंद करा, असं मला अहवालात लिहावं लागेल. मजूर बोलावले. त्यांनी वर पाहिलं, पिंपळ पाहिला, आणि एकाला घरी पाहुणे आल्याचं आठवलं, दुसऱ्याची कंबर धरली. बाबारावभाऊ म्हणाले, "मी नाई बाप्पा हात लावत. पोरीचं लगन हाय यंदा." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली, वर्गात मुलांना विज्ञाननिष्ठेवर घोषवाक्यं रंगवायला लावणारी बाई. खरं सांगते, माझाही हात पुढे झाला नाही. माझ्या मुलीला तेव्हा सातवा महिना होता. विश्वास नसतो हो, पण भीती असते. कल्याणी स्वतः चढायला तयार होती, पण जिना चढून परत आली. वर कुठला दगड सुटा आहे आणि कुठे पाय ठेवायचा, हे माहीत असलेला माणूस आणा, म्हणाली.

"पत्र तुमच्या अक्षरात होतं मॅडम," बाबारावभाऊ म्हणाले. "तुमीच जा."

बसस्टँडच्या मागे मोकळं मैदान आहे. एकही झाड नाही. तिथे टिनाच्या टपरीत चाचा हात मांडीवर ठेवून बसले होते. पिंजण वर टांगलेलं, तात सैल सोडलेली. कार्तिकाची हवा सुटली होती आणि टपरीचं पत्र्याचं दार सारखं आपटत होतं. हिवाळा तोंडावर आला होता, ज्या दिवसांत त्यांच्या देवडीत रजयांची थप्पी छताला लागायची ते हे दिवस. टपरीत एकही रजई नव्हती.

"पिंजण का बंद चाचा?" मी विचारलं. विचारायचं भलतंच होतं, पण तोंडातून हे निघालं.

ते हसले. "अवं बाई, अठी तात छेडली का कापूस उमरखेडले जाते, अन् रजई अठी राह्यते. हवा लय हाय. पिंजाऱ्याले आडोसा पाह्यजे. वेशीत कसं, हवा येते पण हळू येते." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "काहून आल्या?"

मी मान खाली घालून म्हणाले, "चाचा, वेशीवर पिंपळ आला."

मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं, माझा जीव हलका झाला असता. त्यांनी नुसतं विचारलं, "कोणत्या बाजूले? माह्या का बंद बाजूले?"

"वर सगळीकडेच आहे."

"वरचा काढतो मी. वरचा सोपा हाय. पण आधी बंद देवडीचं कुलूप उघडा. तीन साल झाले सांगून राह्यलो बाबारावले, जायीतून दिसते, आत पिंपळ धरला म्हून. किल्ली नाई, किल्ली नाई म्हणते."

किल्लीचा शोध अख्ख्या गावाने घेतला. ग्रामपंचायतीचं जुनं कपाट, देवळाचा कोनाडा, बाबारावभाऊंच्या घरची झाडून सगळी लोणच्या-पापडांची फडताळं. शेवटी ती बाबारावभाऊंच्या दुचाकीच्याच जुडग्यात सापडली. ही कशाची ते न कळून भाऊ चार वर्षं तिने शेंगदाण्याच्या तेलाचा डबा उघडत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

कुलूप उघडलं. वटवाघळं फडफडली. आम्ही जी देवडी जपून ठेवली होती, तिच्या मागच्या भिंतीतून मनगटाएवढं मूळ उतरलं होतं आणि दगड फुगून पुढे आले होते. जमिनीवर पाणी. कल्याणीने माझा हात धरला आणि माझा तळवा त्या भिंतीवर ठेवला. भिंत गार आणि ओली होती. मग ती मला समोरच्या, चाचांच्या देवडीत घेऊन गेली आणि तोच तळवा तिथल्या भिंतीवर ठेवला. भिंत कोरडी, टणक. तीन पिढ्यांच्या पाठी टेकून गुळगुळीत झालेली. रोज झाडलेली, रोज पाहिलेली, जरा भेग दिसली की चुना भरलेली. मला फार लाज वाटली. कुलूप लावून आम्ही जी राखली ती फुटली होती, आणि ज्या माणसाला आम्ही वेस बिघडवतो म्हणून काढलं त्याची बाजू शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा लोटा घेऊन वर गेले. मुरू दिलं, हलवलं, उपटलं. सतरा रोपं, सतरा ओल्या कापसाच्या मुटकुळ्या. बंद देवडीतलं मोठं मूळ मात्र एका दिवसाचं काम नव्हतं. कल्याणी आणि चाचा जमिनीवर उकिडवे बसून त्याच्यावर बोलत होते. ती पुस्तकातलं सांगत होती, ते बापाने सांगितलेलं. मध्येच दोघंही एकदम "हाव, हाव" म्हणायचे. पन्हळी मोकळ्या झाल्या. संध्याकाळी चाचा हात धुऊन, टोपी झटकून बसस्टँडकडे निघाले.

"चाचा," मी मागून म्हटलं, "सामान कधी आणता?"

ते वळले. "पत्र द्या."

"पत्र?"

"उठवाचं पत्र दिलतं न? मंग बसवाचं बी द्या. तुमच्याच अक्षरात. तोंडी गोष्टीवर मी नाई बसत."

माणूस साधा असतो म्हणजे भोळा असतो असं नाही. मी घरी जाऊन ड्रॉइंगचा जाड कागद काढला, शाई भरली आणि लिहिलं. एकदाही सदर न वापरता. बाबारावभाऊंनी सही करताना एवढंच म्हटलं, "कापूस फोटोत येईन मॅडम." मी म्हटलं, "येऊ द्या." मग त्यांनी सही इतक्या जोरात केली की कागद खालपर्यंत उमटला.

तो हिवाळा मला वासाने आठवतो. कल्याणीने सिमेंटला बंदी केली. वेशीशेजारी हौदात चुना भिजत पडला आणि त्यात गूळ, बेलफळाचा गर, मेथीचं पाणी. अख्ख्या पेठेला गुळचट, आंबूस वास. पेठेतल्या बाया बेलफळं फोडून गर काढून देत. मुंग्यांची तर दिवाळीच. दुपारी कुणाच्या तरी शेतातून तुरीच्या शेंगा यायच्या, त्या मीठ घालून उकडायच्या आणि चुन्याचे हात धुऊन सगळ्यांनी गोल बसून सोलायच्या. संध्याकाळी ढुंग, ढुंग, टण्ण. पौषात पिंजण परत सुरू झालं होतं. गावातल्या सगळ्या रजया उशिरा भरल्या गेल्या त्या वर्षी, आणि अर्धं गाव सकाळी कुडकुडत कामावर जायचं. पण एकानेही दुसरीकडे रजई टाकली नाही.

पाहुणे आलेच. दोर सुटल्याच्या पहिल्याच रविवारी देवडीत इतकी गर्दी झाली की एकाची सेल्फीची काठी तातीत अडकली आणि तात तुटली. बाबारावभाऊ शिट्टी आणायला धावले. पाट्या लावा, जाळी लावा, पुन्हा सुरू झालं. चाचा तुटलेली तात गुंडाळत म्हणाले, "जायी नोका लावू. त्याईले काम द्या. रिकामा माणूसच वस्तूले हात लावते."

आणि त्यांनी नियम केला. वर जायचं तर दहाजण एका वेळी, आणि रिकाम्या हाताने कुणी जायचं नाही. जाताना एक घमेलं चुना वर न्यायचा, उतरताना ओंजळभर पाला खाली आणायचा. मला वाटलं, शहरातली माणसं नाकं मुरडतील. कसचं काय! कपड्यांना इस्त्री केलेली माणसं घमेलं डोक्यावर घेऊन फोटो काढू लागली. नांदेडचे एक गृहस्थ तीनदा चढले. एका लहान मुलीने आणलेला पाला मूठभरही नव्हता, पण तिने तो चाचांना मोजून दिला. आमच्या वेशीवरच्या नव्या चुन्यात कोणकोणत्या गावचे हात लागलेत, याचा हिशेब नाही. गाड्या आता शाळेच्या मैदानात थांबतात, तर्री-पोहे बाबारावभाऊंच्या गोठ्याबाहेर मिळतात. तो गोठा अर्थात गुलाबी आहे. आणलेले डबे वाया थोडेच घालवणार? पाहुणे त्याचेही फोटो काढतात आणि भाऊ म्हशीसकट उभे राहतात.

चाचांनी माझं दुसरं पत्र फ्रेम करून देवडीत लावलं. मला बरं वाटलं. पण त्याच्या शेजारी, दुसऱ्या खिळ्याला, पहिलंही टांगलं. येणारा-जाणारा वाचतो. "बाई, अक्षर एकच दिसते दोन्हीचं," असंही वर म्हणतो. मी कितीदा विनवलं, चाचा, ते काढा हो. "राहू द्या न बाई. जोडी हाय." चार वर्षं मी त्या देवडीत भिंतीकडे पाठ करून बसते.

यंदा तात वाजली म्हणून मी दोन रजया घेऊन वेशीत गेले. चाचा आता गुडघ्यांनी बेजार आहेत. सलमाचा नवरा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, तो सुट्टीत येऊन जड गठ्ठे उचलून देतो. रजया ठेवून मी बसणार, तोच बाहेरून जाणाऱ्या कुणीतरी मान वर केली आणि नेहमीची आरोळी ठोकली, "चाचा, वेशीवर पिंपळ आला!"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "माह्यानं चढणं नाई होत आता. जा बाई."

"मी?"

"मंग कोण? नात चांगली चार सालाची झाली तुमची. अजून कायचं भेव?"

लोटा घेऊन मी जिना चढले. वर ऊन होतं, पलीकडे कापसाची पांढरी शेतं, तळ्याच्या पाळीवर पिंपळांची ओळ. रोप वीतभर होतं. पाणी घातलं, मुरू दिलं. खालून चाचा सांगत होते, "ओढू नोका, हलवा. त्याले सुटू द्या." मी दोन्ही हातांनी बुडखा धरला. हलवत राहिले. मग एकदम ते सुटलं आणि लांबलचक पांढरं मूळ अख्खंच्या अख्खं हातात आलं. मला इतका आनंद झाला की मी वरून ओरडले, "निघाला!" आणि खाली पेठेत दोन-चार माणसं खरोखर टाळ्या वाजवायला लागली. उतरताना दुसऱ्या हाताने मूठभर पाला आणायला विसरले नाही.

चाचांनी कापूस ओला केला, मुळाभोवती लपेटला. मग वर गुंडाळायला काही सापडतं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. उठले, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. भिंतीवरचं पहिलं पत्र काढलं. काच बाजूला केली आणि त्या कागदात पिंपळ बांधून माझ्या हातात दिला.

"चाचा, अहो..."

"आता कायले ठेवाची जोडी? उपटला न तुमी," ते म्हणाले. "जा, लावून या." आणि पिंजणाकडे वळले.

बसस्टँडच्या मागे, जिथे ती टपरी होती तिथे, मी खड्डा केला. वारा तसाच होता. कागद ओला झाला होता आणि माझं मोत्यासारखं अक्षर निळं निळं पसरत होतं. सदर कुठे होतं ते आता ओळखू येत नव्हतं. कागद काढून टाकावा का, असं क्षणभर वाटलं. मग कापसासकट, कागदासकटच लावला, माती दाबली आणि उरलेलं पाणी घातलं. परत आले तेव्हा चाचांनी माझी रजई उसवून पिंजायला घेतली होती.